एक मूल, दोन फायली

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी लवकर वर्दळ सुरू होते. कुणी झपाझप चालतं, कुणी अर्ध्यातच टेकतं, आणि बोलणं फिरून फिरून दुखण्यावर येतं. गुडघा, साखर, रक्तदाबाची नवी गोळी. इथं आजारपण कुणी लपवत नाही, उलट त्यावरूनच ओळखी होतात. पण हे सगळं मोठ्यांपुरतं. कडेला बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला एखाद्या आजोबांनी विचारलं, "काय गं, एवढ्यात दमलीस?" तर ती "हो" म्हणून मोकळी होईल. रात्री दोन वाजता नडगी आतून ठणकते आणि सकाळी शाळेआधी तीनदा संडासला पळावं लागतं, ही दोन वाक्यं एका दमात अनोळखी माणसाला सांगता येत नाहीत. घरच्यांनाही ती एका दमात सांगितली जात नाहीत. पायाचं आईला सांगितलं जातं. पोटाचं बरेच दिवस कुणालाच नाही.

ही मुलगी कल्पिलेली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. हाडांचा दाह आणि आतड्यांचा दाह एकाच शरीरात घेऊन वाढणारी मुलं जगात थोडी आहेत. अशा एखाद्या घराचं दार ठोठावून त्याचा पत्ता छापण्यात अर्थ नाही. पण वैद्यकीय नियतकालिकांत या मुलांचा प्रवास पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. तोच प्रवास इथे इंदिरानगरच्या नकाशावर ठेवून पाहिला. मुलगी तेवढी मनातली. औषधं, तपासण्या, योजना आणि गाड्या खऱ्या.

दोन आजार, एकच आग

हाडांच्या आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक असल्यामुळे डॉक्टर 'सीआरएमओ' किंवा 'सीएनओ' म्हणतात. मराठीत अर्थ सांगायचा तर जंतूंशिवाय होणारा, पुन्हा पुन्हा उसळणारा हाडांचा दाह. हाड सुजतं, आतल्या मगजात पाणी साचतं, मूल लंगडतं. पण तिथला तुकडा काढून प्रयोगशाळेत कितीही दिवस ठेवला तरी जंतू उगवत नाही. १९७२ साली झुरिकच्या मुलांच्या रुग्णालयातले क्ष-किरणतज्ज्ञ आंद्रेस गिडिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला. साधारण सात ते बारा हे वय, मुलांपेक्षा मुली जास्त. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं, मणके, कंबरेचं हाड, जबडा ही नेहमीची ठिकाणं. कॉलर बोन सुजलं असेल तर जाणकार डॉक्टर चटकन सावध होतात, कारण जंतुसंसर्ग त्या हाडाच्या वाटेला सहसा जात नाही.

आतड्यांचा आजार त्या मानाने ओळखीचा. त्याची दोन मुख्य रूपं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर जखमा करतो. क्रोन तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचं वर्णन छापलं. नाव मात्र एकट्या क्रोनचं चिकटलं.

दोन्हींत बाहेरचा शत्रू सापडत नाही. शरीराची राखणदारी करणाऱ्या पेशी विनाकारण भडकतात आणि आगीत तेल ओतणारी रसायनं सोडत राहतात. 'टीएनएफ' हे त्यांतलं सर्वांत बदनाम नाव. हाडात ते पाझरलं की ठणका, आतड्यात पाझरलं की रक्त आणि मुरडा. आग एकच असली तरी शरीराचे हे दोन भाग बघणारे डॉक्टर वेगळे, त्यांचे दवाखाने वेगळे आणि फायलीही वेगळ्या.

"वाढीचं वय आहे"

पहिला निदानकर्ता घरातच असतो. आजी म्हणते, "वाढीचं वय आहे, पाय दुखणारच." तीळतेल कोमट होतं, पाय चोळले जातात, आणि मूल झोपतंही. आजीचं सहसा चुकत नाही, कारण वाढीचं दुखणं खरंच असतं आणि ते फार मुलांना होतं. ते दोन्ही पायांत येतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं, सकाळी पसार होतं. मूल दिवसभर उड्या मारतं.

फरक दिसतो तो बोटाने. आमची मुलगी दुखणारी जागा एका बोटाने दाखवते, आणि रोज तीच दाखवते. चोळलं की बरं वाटण्याऐवजी पाय मागे घेते. सकाळी उठल्यावर चार पावलं लंगडते. पण हा फरक लक्षात यायला आठवडे जातात. मधल्या काळात कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कॅल्शियम मिळतं, आणि एक्स-रे काढला तर "नॉर्मल आहे" असा निर्वाळा येतो. या आजारात सुरुवातीचा एक्स-रे साफ असणं नवं नाही. रक्तातले दाहाचे आकडेही कधी जेमतेम वाढलेले असतात, कधी अगदी सरळ.

पोटाची गोष्ट याहून हळू चालते. मुरडा येतो तेव्हा बाहेरच्या पाणीपुरीवर खापर फुटतं. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती घेतली की आठवडाभर सगळे निर्धास्त. रक्त दिसलं तर मूलच फ्लश ओढून मोकळं होतं. दहा वर्षांची मुलगी संडासात काय झालं ते आपणहून सांगत नाही आणि त्या वयाला कुणी मागून जाऊन बघतही नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर घडत असते. वर्गातल्या रांगेत ती दोन जागा पुढे सरकते. गेल्या वर्षीचा गणवेश यंदाही बसतो आणि आई सुटकेचा श्वास टाकते, की चला, खर्च वाचला. लहान आतड्याला दाह असला की अन्न अंगी लागत नाही. शिवाय दाहाची रसायनं वाढीच्या यंत्रणेलाच खीळ घालतात. उंची थांबणं हे क्रोनचं मुलांमधलं पहिलं लक्षणही असू शकतं, जुलाबांच्या आधीचं. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजनाची रेघ काढली जाते. त्यानंतर मुलाच्या उंचीची रेघ नियमानं कुणाच्या हातात राहते? शाळांतून फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडे शून्य ते अठरा वर्षांची जबाबदारी आहे. ही योजना देशात सुरू झाली तीच महाराष्ट्रातून, फेब्रुवारी २०१३ मध्ये, पालघरला. पण पथक शाळेत येतं तो एक दिवस. उंची थांबली आहे हे कळायला निदान दोन दिवस लागतात, सहा महिन्यांच्या अंतरावरचे, आणि दोन्ही दिवसांचे आकडे एका कागदावर.

मध्ये उभा क्षय

लंगडणं थांबत नाही तेव्हा वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या दवाखान्यांतून प्रकरण बोगद्यापलीकडे जातं. इंदिरानगरकरांसाठी बोगदा म्हणजे महामार्गाखालचा, वाहतुकीच्या कोंडीसाठी कुप्रसिद्ध असलेला रस्ता. आता त्यांच्या आयुष्यात दुसरा बोगदा येतो, एमआरआयचा. तिथे हाडाच्या टोकात पाण्यासारखं काहीतरी उजळलेलं दिसतं. अहवालाखाली तीन-चार शक्यता लिहिलेल्या असतात: जंतुसंसर्ग, क्षय, गाठ, आणि शेवटी कुठेतरी जंतूविरहित दाह.

या यादीचा क्रम नाशिकच्या डॉक्टरांनी झुरिकसारखा लावला तर ती चूक ठरेल. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. हाडाला क्षय होतो, मणक्याला होतो, आतड्यालाही होतो. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं ती जागा पोटातल्या क्षयाची आवडती, आणि नेमकी तीच क्रोनचीही आवडती. दोन्हींत जखमा, दोन्हींत आतडं अरुंद होणं, दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या त्याच गाठी. शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन हे दाह मोजणारं प्रथिन दोन्हींत वाढतं. म्हणून हाडाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर एकमेकांशी न बोलताही एकाच संशयावर येऊ शकतात, आणि त्यांचं एकमत झालं म्हणून घरच्यांना हायसं वाटतं.

तुकडा घ्यावा लागतो. हाडातून सुईने आणि आतड्यातून दुर्बिणीने. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं बेचव औषध प्यायला लावणं हे आईबापांच्या आठवणीत भुलीच्या इंजेक्शनापेक्षा खोल रुतून बसतं. तुकड्यातले क्षयजंतू शोधायला 'सीबीनॅट' आहे, त्याचं उत्तर काही तासांत येतं. पण हाडात आणि आतड्यात जंतू मोजकेच असतात, त्यामुळे 'नाही' हे उत्तर पक्कं धरता येत नाही. नमुना वाढीला लावला तर नकारार्थी ठरवायला बेचाळीस दिवस. दरम्यान रक्ताचा कर्करोगही बाजूला काढायचा असतो, कारण तोही मुलांच्या हाडांतच दुखतो. घाईने स्टेरॉइड सुरू केलं तर मूल आठवड्यात हसायला लागतं आणि कर्करोग असेल तर तो झाकला जातो. म्हणून चांगला डॉक्टर या टप्प्यावर हात आखडता घेतो. पालकांना तो निर्णय न घेणारा वाटतो.

तरीही उत्तर लागलं नाही, तर पोटाचे डॉक्टर अनेकदा क्षयाची औषधं सुरू करून पाहतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. जखमा भरल्या असतील तर क्षय, नसतील तर क्रोन. भूक वाढली, ताप गेला एवढ्यावर भागत नाही, कारण क्रोनच्या रुग्णालाही काही दिवस बरं वाटू शकतं. जखम डोळ्यांनी पाहावी लागते. ही पद्धत भारतासारख्या देशात वाजवी आहे आणि तिची किंमतही आहे. ते तीन महिने क्रोन मोकाट असतो.

याच काळात आईला आणखी एक गोष्ट कळते. क्षय ठरला तर गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत, 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर नोंद, आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपये. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. क्षय नाही असं ठरलं तर मुलीच्या आजाराला ना खिडकी, ना रकाना. "क्षय नाही" ही बातमी आनंदाची आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावं लागतं.

सहा मुलं

हाड आणि आतडं यांचा संबंध आहे की नुसता योगायोग? बोस्टनच्या बालपचनविकारतज्ज्ञ डॉ. अथॉस बूस्व्हारोस यांच्या गटाला हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी सुमारे ५०० समव्यवसायी डॉक्टरांपर्यंत विचारणा पोचवली: तुमच्याकडे दोन्ही आजार असलेलं मूल आहे का? १९९९ साली निष्कर्ष छापून आला. पक्की ठरलेली मुलं निघाली सहा.

सहा हा आकडा लहान. पण सहाही मुलांत हाडाचं दुखणं आधी आलं होतं आणि आतड्याचं नंतर. काहींत तर हे अंतर पाच वर्षांपर्यंत लांबलेलं होतं. पुढच्या काळात इतर देशांतल्या नोंदींत उलटा क्रमही दिसला, दोन्ही एकदम सुरू झालेली मुलंही सापडली. या हाडांच्या आजाराच्या मुलांत, आणि त्यांच्या घरच्यांतही, आतड्यांचा दाह, सोरायसिस, तळहात-तळपायांवर येणारे पुळे यांचं प्रमाण चारचौघांपेक्षा जास्त आढळतं. त्यामुळे काकांच्या कोपरावरची खपली किंवा मावशीचा 'जुना कोलायटिस' हा गप्पांतला विषय न राहता तपासणीचा भाग होतो. अडचण एवढीच, की हाडांच्या डॉक्टरांकडे पाय दाखवायला गेलेल्या घराला "पोट साफ होतं का?" हा प्रश्न अवांतर वाटतो, आणि मावशीचा विषय तर कुणी काढतच नाही.

आतडं दूरवरच्या हाडाला कसं पेटवतं? याचा एक धागा उंदरांत सापडला. या आजाराशी मिळताजुळता हाडांचा दाह जन्मजात होणारी उंदरांची एक जात प्रयोगशाळांत वापरली जाते. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड संशोधन रुग्णालयातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की या उंदरांचा आहार बदलला तर त्यांच्या आतड्यांतली जंतूंची वस्ती बदलते आणि हाडांचा आजारही बदलतो. जास्त चरबीचा आहार मिळालेले उंदीर आजारापासून बरेचसे वाचले. म्हणून कुणी तुपाचा डबा उघडायचं कारण नाही. प्रयोगशाळेतला उंदीर आणि घरातलं मूल यांत फार अंतर आहे. पण पोटात कोण राहतं याचा जाब शेपटीच्या हाडाला द्यावा लागतो, एवढं त्या प्रयोगाने ठसवलं.

एकाला औषध, दुसऱ्याला त्रास

निदान ठरल्यावर सगळं सोपं व्हायला हवं. इथेच दोन फायलींचा खरा झगडा सुरू होतो.

हाडांच्या या दाहावर पहिलं औषध म्हणजे नेहमीची वेदनाशामक, दाहशामक गोळी, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन. पुष्कळ मुलांना तेवढी पुरते. पण हीच गोळी आतड्याच्या अस्तराला टोचते आणि शांत झालेला आतड्याचा आजार पुन्हा उसळू शकतो. हाडांच्या फाईलमध्ये जे पहिलं औषध, ते पोटाच्या फाईलमध्ये लाल शाईने खोडलेलं. ज्या घरात या दोन फायली दोन पिशव्यांत आहेत, तिथे मुलीच्या दप्तराच्या खणात पाय दुखल्यावर घ्यायची गोळी असते आणि आठवड्याने जुलाब का वाढले हे कुणाला उमगत नाही.

स्टेरॉइड आतड्यावर लवकर काम करतं, पण उंची खातं आणि हाड विरळ करतं. मणका चेपला जाण्याची भीती असेल तर पामिड्रोनेटसारखं औषध शिरेतून देतात. त्याने हाडाचा ठणका विलक्षण वेगाने कमी होतो. मात्र आतड्याला त्याचा उपयोग नाही आणि ते हाडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. मुलींच्या बाबतीत डॉक्टर पुढचा, लग्नानंतरचा काळही मनात धरून ते देतात. आईला हे वाक्य ऐकताना मुलगी पाचवीत आहे याची आठवण होते.

दोन्हींवर चालणारी औषधंही आहेत, आणि त्यांतल्या एका जुन्या औषधाची कथा या लेखाच्या विषयात अगदी बसते. स्टॉकहोमच्या डॉ. नाना स्वार्त्झ यांनी १९४०च्या आसपास सांधेदुखीसाठी दोन औषधांची सांगड घालून एक नवं औषध तयार करवून घेतलं. सांध्यांचं दुखणं जंतूंमुळे होत असावं असा तेव्हाचा समज होता, म्हणून एक जंतुनाशक आणि एक वेदनाशामक. वापरताना दिसलं, की कोलायटिस असलेल्यांचं पोटही सुधारतंय. तेच सल्फासॅलेझिन. ऐंशी वर्षं झाली, अजून ते दोन्हीकडे लिहून दिलं जातं, मुलांनाही.

त्यापुढची पायरी टीएनएफला थेट अडवणाऱ्या औषधांची. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोनसाठी १९९८ साली परवानगी मिळाली. शिरेतून पहिली मात्रा, दोन आठवड्यांनी दुसरी, सहाव्या आठवड्याला तिसरी, मग दर आठ आठवड्यांनी. अ‍ॅडॅलिमुमॅब त्वचेखाली, सहसा दर दोन आठवड्यांनी, घरीही टोचता येतं. एकाच बाटलीतून हाडाचं आणि आतड्याचं दोन्ही भागतं, म्हणून ज्या मुलांत दोन्ही आजार आहेत त्यांच्यात डॉक्टर इथवर लवकर येतात.

आणि इथे क्षय पुन्हा दारात. टीएनएफ नुसता आग लावत नाही, तो शरीरात झोपलेल्या क्षयजंतूंना पेशींच्या वेढ्यात कोंडूनही ठेवतो. त्याला हटवलं की वेढा सैल होतो. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय उसळलेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हापासून ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, हातावरची मॉन्टू चाचणी किंवा रक्ताची चाचणी जगभर सक्तीची झाली. नाशिकच्या मुलीसाठी हा केवळ फॉर्मवरचा रकाना नाही. तिच्या घरी कधी कुणी खोकत होतं का, शेजारी, रिक्षावाले काका, शिकवणीच्या बाई, सगळ्यांची आठवण काढावी लागते. गोवर-गालगुंड, कांजिण्यांच्या जिवंत लसी राहिल्या असतील तर औषध सुरू होण्याआधीच त्यांचा विचार करावा लागतो, कारण नंतर त्या देता येत नाहीत.

पंचवटीची वेळ

राज्यभरातल्या डॉक्टरांच्या पदव्यांवर ज्या विद्यापीठाची मोहोर असते ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचंच. १९९८ साली स्थापन झालेलं, म्हसरूळला आहे. पण मुलांचा संधिवात आणि प्रतिकारशक्तीचे आजार हे वेगळं शास्त्र आहे, हाडांचा हा दाह त्यातच मोडतो, आणि त्याचं पूर्ण वेळ काम करणारे देशात मोजके. चंदीगडच्या पीजीआयने त्यासाठी स्वतंत्र पदवी सुरू केली. नाशिकच्या घराला बहुतेक वेळा मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. "दहा वर्षांच्या पोरीला संधिवाताच्या डॉक्टरकडे?" हा प्रश्न नातेवाइकांत एकदा तरी येतोच.

मुंबई ठरली तर दिवस पंचवटी एक्स्प्रेसपासून सुरू होतो. १९७५ सालापासून धावणारी ही गाडी नाशिकच्या चाकरमान्यांची; तिच्या पासधारकांना आपली जागा, आपला डबा, आपला गट असतो. त्यात एक मुलगी, एक आई, फायलींची पिशवी आणि संडासजवळची सीट मिळावी ही एकच अपेक्षा. इंदिरानगरहून नाशिकरोड गाठायचं म्हणजे पहाटेच उठणं. ज्या आजारात सकाळचा पहिला तास संडासात जातो, त्यात सकाळची गाडी ही उपचाराइतकीच मोठी परीक्षा असते. म्हणून काही खाल्लं जात नाही. दादरला उतरून परळ. १९२९ सालापासून मुलांवर उपचार करणारं वाडिया रुग्णालय तिथलंच, आणि केईएमही जवळच. इन्फ्लिक्सिमॅबचं सलाईन दोनेक तास चालतं, त्यानंतर काही त्रास होतो का पाहायला थोडं थांबवतात. संध्याकाळी परतीची पंचवटी.

टोचायचं औषध घरी आणायचं ठरलं तर प्रवास थंडीचा होतो. दोन ते आठ अंश सेल्सिअस. थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, आणि कसाऱ्याचा घाट ओलांडेपर्यंत दर अर्ध्या तासाने डब्याला हात लावून पाहणं. घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागू न देता मधल्या फळीवर जागा करायची. गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. मेच्या दुपारी वीज गेली की इंदिरानगरातल्या त्या एका घरात पंख्याआधी फ्रिजची चिंता होते.

पैशाचं गणितही इथेच बसतं. २०१४ साली झायडस कंपनीने अ‍ॅडॅलिमुमॅबची जगातली पहिली नक्कल-जैविक आवृत्ती भारतात आणली तेव्हापासून किंमत खाली आली, तरी महिन्याच्या पगाराच्या घरात ती जाणवेल इतकी आहेच. वडील अंबडच्या कारखान्यात असतील आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर कामगार विम्याचा आधार. एक वेतनवाढ झाली की तो आधार सुटू शकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच देते, पण योजना उपचारांच्या यादीवर चालते. शस्त्रक्रिया यादीत चटकन सापडते. दर आठ आठवड्यांनी लागणारं, वर्षानुवर्षं चालणारं सलाईन कुठल्या ओळीत बसवायचं, हे विचारत आई एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर जाते.

शाळेचा तास

शाळेला मूल आजारी आहे हे पटायला काहीतरी दिसावं लागतं. प्लास्टर दिसतं, चष्मा दिसतो. हाडातला दाह दिसत नाही आणि तो रोज सारखाही नसतो. सोमवारी मैदानात पळालेली मुलगी बुधवारी जिना चढताना रडते, तेव्हा "परवा तर बरी होतीस" हे वाक्य येतं. सर खोटं बोलत नसतात. परवा ती बरीच होती.

दुसरी अडचण बोलायची नाही अशी आहे. तासाला हात वर करून संडासला जायची परवानगी मागणं, तेही दिवसातून चारदा. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असणं बंधनकारक केलं आहे. दार बंद होतं का, पाणी आहे का, आणि मधल्या सुट्टीखेरीज ते कुलपात असतं का, हे त्या त्या शाळेत जाऊनच कळतं. या मुलीला कायद्याची नव्हे, न विचारता उठून जायची मुभा हवी असते आणि दाराजवळचा बाक. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. आतड्यांचा दाह त्यांत नाही. त्यामुळे परीक्षेतली सवलत हक्काने मिळत नाही, मुख्याध्यापकांच्या समजुतीने मिळते. एक पत्र पुरेसं होतं, डॉक्टरांचं, सोप्या मराठीत, ज्यात आजाराच्या लांबलचक नावाऐवजी एवढंच लिहिलेलं असतं: हा आजार संसर्गजन्य नाही, मुलीला केव्हाही उठून जाऊ द्यावं, पाय दुखेल त्या दिवशी खेळाच्या तासाला बसू द्यावं, दुखत नसेल त्या दिवशी खेळू द्यावं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सगळेच तास बसवून ठेवलेली मुलगी आजारापेक्षा लवकर कोमेजते.

फराळाच्या दिवसांत

क्रोनच्या मुलांसाठी एक उपचार असा आहे, की त्यात औषधाची गोळीच नाही. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद आणि फक्त ठरावीक पोषक द्रव. पोळी नाही, वरणभात नाही, कोथिंबिरीची काडीही नाही. मुलांच्या क्रोनमध्ये आग विझवायला हा उपाय स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो आणि उंचीला धक्का लावत नाही. सोपा मात्र अजिबात नाही. हा काळ दिवाळीत आला तर काय होतं, हे कुठल्याही शोधनिबंधात नाही. भाजणी भाजल्याचा वास जिन्यातून वर येतो. शेजारच्या काकू ताट घेऊन दारात उभ्या राहतात आणि "एक तरी खा गं" म्हणतात. आई मध्ये पडते, काकूंना वाईट वाटतं, आणि दार लावल्यावर घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

या घरात एव्हाना फायली दोन राहिलेल्या नाहीत. आईने पंचिंग मशीनने दोन्हींतले कागद तारखेप्रमाणे एकत्र ओवले आहेत. हाडाचा एमआरआय, मग दुर्बिणीचा अहवाल, मग पुन्हा हाड. वरच्या पानावर औषधांची यादी आणि लाल अक्षरांत न द्यायच्या गोळ्यांची. त्यामागे एक आखीव वही आहे. रकाने पाच: रात्री जाग, कुठे दुखलं, संडास किती वेळा, रक्त, महिन्याचं वजन-उंची. पुढच्या खेपेला दोन्ही डॉक्टर हीच वही पाहणार. आधी आई भरायची, आता मुलगी स्वतः भरते, कारण खरा आकडा तिलाच ठाऊक असतो.

दिवाळीच्या आठवड्यात त्या वहीत सहावा रकाना उगवलेला आहे, पेन्सिलीने आखलेला, आईला न विचारता. मथळा आहे 'दादाने खाल्लेल्या चकल्या'. वसुबारसेला तीन, धनत्रयोदशीला पाच, नरक चतुर्दशीला सात. खाली बेरीज करून लिहिलं आहे: पंधरा, माझ्या उधार.